आईचा मार्चएंड

आई काल निवृत्त झाली. संरक्षण लेखा विभाग, नौदलाचे हिशेब. नौपाड्यातल्या शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटायचं, ती बोटीवर जाते! ती जायची ठाण्याहून स्लो लोकलने, भाजी निवडत.

३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात बिलांचा पूर. पाडव्याची शोभायात्रा निघायची तेव्हा आई एकतर ऑफिसात, नाहीतर गाढ झोपेत. 'महसुली' (रोजचा खर्च) आणि 'भांडवली' (टिकाऊ खरेदी) मी पाढ्यांआधी शिकले: डिझेल महसुली, जहाज भांडवली. घरातही तोच कायदा. माझी सायकल भांडवली ठरली आणि तीन वर्षं मंजुरीत अडकली. (राग अजून आहे.)

आज सवयीने पहाटेच डबा भरलान तिने. दुपारी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघींनी संपवला.