पायाळू

परवा दुपारी जेवून नुकता आडवा झालो होतो. दण्णकन आवाज आला. खालच्या मजल्यावर कुणी ज्वारीचं पोतं आपटावं तसा. आता आमच्या खाली मजलाच नाही, ही गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत मांडणीवरची ताटं किणकिणून गप्प झाली होती.

मिनिटभरात सगळी गल्ली बाहेर. “आला का तुमच्याकडं?” “आला की!” लातुरात हे एखाद्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं विचारतात. कुणीतरी मोबाईलवर कात्रण टाकलं, ‘भूगर्भातून गूढ आवाज, नागरिक भयभीत’. कात्रण मागच्या पावसाळ्यातलं निघालं, पण त्यानं काही बिघडत नाही. लातूर, नांदेड, हिंगोलीकडच्या छापखान्यांत हा मथळा जुळवूनच ठेवलेला असावा असा माझा संशय आहे. फक्त गावाचं नाव बदलायचं. २०२२ साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीचं होतं. वसमतकडच्या पांगरा शिंदेचं तर इतक्यांदा आलंय की ते गाव मी न बघताच ओळखतो.

आत आलो तर आई पलंगावर उठून बसलेली. म्हणाली, “तुला काय ऐकू आलं?”

‘तुला’वर जोर होता. कारण मी पायाळू आहे.

म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, पण गावात एवढ्या भांडवलावर मला लहानपणी मोठं दुकान चालवता आलं असतं. कुणाच्या कमरेत उसण भरली की सकाळी सकाळी माणूस आमच्या अंगणात हजर. पालथं पडायचं, मी कमरेत हळूच लाथ मारायची, आणि थोरल्या माणसाला पाय लागला म्हणून लगेच वाकून नमस्कार करायचा. सहा-सात वर्षांचा असताना मी गावच्या सरपंचांनासुद्धा लाथ मारलेली आहे. त्यांना गुण आला. मोबदला एक पेरू.

लाथेची गंमत सोडली तर बाकीचं जड होतं. पायाळूवर वीज पडते, म्हणून आभाळ गरजलं की मला घरात कोंडायचे. आणि पायाळूला जमिनीखालचं दिसतं. पाणी दिसतं, धन दिसतं. बोअरवाला आला की शेतमालक मला खांद्यावर बसवून शेतात न्यायचे. मला भूक लागली की मी बोट दाखवायचो. तीनदा पाणी लागलं, दोनदा नुसता फुफाटा निघाला, आणि लोकांनी आठवणीत ठेवलं ते तीनदा लागलेलं.

धनाचं मात्र आज्जी बोलू द्यायची नाही. तिच्या सासरच्यांनी रझाकारांच्या धामधुमीत बार्शीकडं पळून जाताना पुतळ्यांची माळ गोठ्यात पुरली होती. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, लोक परत आले, आणि सगळा गोठा उकरला तरी माळ निघाली नाही. अशा माळा मराठवाड्यातल्या निम्म्या घरांच्या मातीत असतील, म्हणून तर गुप्तधनाच्या गोष्टी इथं मरत नाहीत. वाडा पाडायला काढला की अजूनही बघे जमतात. पण त्या गोठ्यात मला कुणी नेलं की आज्जी घागर टाकून धावत यायची. मोठं झाल्यावर कळलं, तिच्या डोक्यात मानवत होतं. १९७२च्या शेवटापासून १९७४च्या सुरुवातीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या त्या गावच्या शिवारात लहान मुलींचे आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी बळी, असं खटल्यात पुढं आलं. आमच्या गावापासून मानवत लांब, पण आज्जीच्या पिढीला त्या बातम्यांनी इतकं धरलं होतं की माझ्या शाळेच्या मास्तरांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, पोराच्या पायाचं कुणापुढं काढू नका. तोवर सरपंचांपर्यंत सगळ्यांनी लाथा खाल्लेल्या होत्या.

खरं तर आमच्याकडं सगळंच जमिनीखाली. वर काय, काळी माती आणि तुरी. किल्ला म्हटला की भुयार आलंच. औशाच्या किल्ल्यातून भुयार कुठं कुठं जातं याचा हिशेब मांडला तर खालून सगळा जिल्हा पोखरलेला असायला पाहिजे. त्या भुयारात एकदा आख्खं वऱ्हाड वाजंत्र्यासकट शिरलं आणि बाहेर आलंच नाही, अमावास्येला कान लावला तर सनई ऐकू येते. हेच वऱ्हाड मी पुढं तीन वेगवेगळ्या किल्ल्यांत हरवलेलं ऐकलं. देवगिरीच्या अंधारीत गाईडनं टेंभा विझवला तेव्हा वटवाघळांच्या फडफडाटात मी खरंच सनईसाठी कान दिला होता. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, बरोबर बायको होती, आणि तिनं विचारलं, “काय झालं?” सांगता आलं नाही.

आणि बारव. लग्नाला भांडी देणारी. हळदीकुंकू वाहून पायरीवर बसायचं, हळू आवाजात यादी सांगायची, इतकी पातेली, इतक्या पराती. पहाटे भांडी काठावर मांडलेली. कार्य उरकलं की घासून परत ठेवायची. मग एका घरानं एक वगराळं ठेवून घेतलं आणि बारव रुसली ती कायमची. ही गोष्ट ज्या गावात बारव आहे त्या प्रत्येक गावात आहे, आणि प्रत्येक गावाला ते घर कोणतं ते पक्कं माहीत असतं. आमच्या वर्गात त्या घरातला एक पोरगा होता. गोट्यांत हरलो की आम्ही ओरडायचो, “वगराळं दे आधी!” तो रडायचा. एकदा त्यानं घरून खरंच एक वगराळं आणून बारवेत टाकलं. वाट बघितली आम्ही. त्याच्या आईनं त्याला बदडलं, बाकी काही झालं नाही.

आवाजांचं आता नीट सांगतात. पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत जातं, खाली दाब वाढतो, कुठंतरी खडक जरासा सरकतो. धक्का अगदी उथळ, त्यामुळं हादऱ्याआधी कानाला दणका. मला पटतं. पोराला मीच समजावून सांगितलं.

पण १९९२च्या पावसाळ्यानंतर, मी नऊ वर्षांचा असताना, हे सांगायला घरात कुणी नव्हतं. किल्लारीकडं ऑगस्टपासून जमीन गुरगुरत होती. दिवाळीच्या आधी एक मोठा धक्काही बसला. तिकडं दिलेली माझी आत्या दिवाळीला माहेरी आली ती हेच घेऊन. रात्री भांडी वाजतात, कुत्री रडतात, लोक म्हणतात खाली लाव्हा आहे, कुणी म्हणतं देवीचा कोप. वडील हसले, “अफवा असतात गं.” तिनं मला अंगणात नेलं. म्हणाली, “पायाळू हाईस नव्हं? बघ बरं, काय ऐकू येऊलालंय?”

मी सारवलेल्या जमिनीवर कान टेकवला. गार होती. शेणाचा वास येत होता. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती, तिचा भकभक आवाज मातीतून येत होता, तेवढाच. आत करंज्या तळत होत्या आणि मला आत जायचं होतं.

“काय बी नाही आत्या,” मी म्हणालो. “झोप बिनधास्त.”

ती हसली. माझ्या केसांना लागलेली माती झटकली. दोन दिवसांनी ओवाळणीचं लुगडं घेऊन परत गेली.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबरला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. तिकडची घरं माळवदाची, भिंती दीड-दोन हात रुंद, दगड आणि माती. आत्याच्या घरी पाचजण होते.

मला कुणी काही बोललं नाही. नऊ वर्षांच्या पोराला कोण बोलणार? उसण भरलेली माणसं नंतरही येत राहिली, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हासुद्धा. मी लाथ मारायची बंद केली. आईनं कारण विचारलं नाही.

परवा तिनं विचारलं, “परत येईल का रे?”

येणार नाही असं सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, “पावसाळा आहे आई. येतात.”

रात्री झोपताना बघितलं, दाराची वरची कडी तिनं लावली नव्हती. मीही लावली नाही.