तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलची फ्रेम कार्बनची घेऊ की ॲल्युमिनियमची?

ठाण्यातल्या येऊरचा चढ उतरून चहाला थांबलं की कोणीतरी हे विचारतंच. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. मी म्हणतो, आधी त्या फ्रेममध्ये टायर केवढा बसतो ते बघा.

रोडबाइकची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. उभ्या दाबाखाली ती जेमतेम लवते, मग ती कशाचीही असो. हादरे खातो तो मुख्यतः टायर. २५ मिमीच्या टायरमध्ये ९०-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासावी लागते. ३२ला साधारण ६०-६५ पुरते. घोडबंदर रोडचे पेव्हर ब्लॉक आणि खड्डे बघता ज्या फ्रेमला ३२ चालत नाही, ती मी फुकटातही घेणार नाही. नवी मुंबईच्या गुळगुळीत पाम बीच रोडपुरतीच चालवणार असाल तर गोष्ट वेगळी!

मग माप. ‘५४ साइज’वर जाऊ नका, एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५६एवढी निघते. तक्त्यात स्टॅक आणि रीच बघा: पेडलच्या मधल्या अक्षापासून हँडलची नळी किती वर आणि किती पुढे. सीट वर-खाली होते, हे दोन आकडे मात्र फ्रेमबरोबर जन्मभर राहतात.

धातूचं म्हणाल, तर स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड आणि तिप्पट ताठही. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या मोठ्या घेराच्या असतात. खरी कारागिरी नळीच्या आत असते, जोडाजवळ जाड आणि मध्ये पातळ. रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीचं यावरचं पेटंट १८९७चं आहे. चांगल्या स्टीलच्या नळीवर नखाने टिचकी मारत जा. मध्यावर आवाज बदलतो. कार्बन हलका खराच, पण लोकलच्या डब्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याला आडवा धक्का बसला तर आतली चीर बाहेरून दिसेलच असं नाही. रोजच्या वापराला मी तरी ॲल्युमिनियमच सांगतो.

आता आपल्या पावसाचं. सीटच्या नळीतून पाणी आत उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचा अक्ष फिरतो त्या भागापाशी साचतं. फ्रेम उलटी करून तिथे पाणी निघायला भोक आहे का बघा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असेल तर उत्तम. ठोकून बसवलेला चिखल-पाण्याने लवकर करकरायला लागतो. आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, एक जादा आत्ताच मागून घ्या. तो मॉडेलगणिक वेगळा असतो, वाकल्यावर शोधत फिरायला लागतं.