निळ्या रेघेचा दिवस

रविवार, रात्रीचे साडेदहा, रामबाग

आज सगळे जेवायला जमले होते आणि काकूने परत तेच विचारलं, "एवढ्या लांब एकटी, ते पण सायकलवर, कंटाळा नाही आला गं?" चौघांत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून जपानमधला तो नोव्हेंबरचा दिवस इथे लिहून ठेवते.

ओनोमिची ते इमाबारी, सुमारे 70 किमी, मध्ये सहा बेटं, पुलांनी जोडलेली. शिमानामी काईदो म्हणतात त्या रस्त्याला. सायकल ओनोमिचीत भाड्याने घ्यायची, इमाबारीत जमा करायची. सकाळी छोट्या फेरीबोटीत सायकल चढवली, पाच मिनिटांत मुकाइशिमा बेटावर, आणि उतरल्यावर बघते तर रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ! तीच धरून जायचं, मोबाइल काढायची गरजच नाही, आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडूनच.

पूल उंच आहेत कारण खालून जहाजं जातात, म्हणजे प्रत्येक पुलाआधी चढ आलाच. मी आपला इंदूरजवळचा सिमरोलचा घाट डोक्यात ठेवून गेले होते. पण सायकलींसाठी वेगळा वळणावळणाचा रस्ता काढलाय, चढ जेमतेम तीन टक्के, धाप न लागता आरामात वर. कोणीतरी कधीतरी बसून हिशोब केला असेल ना, की पेडल मारणाऱ्याच्या गुडघ्यांना किती झेपेल, आणि चढ तेवढाच ठेवला असेल. मला पहिल्याच पुलाआधी भरून आलं.

कारण आजोबा. तीस वर्षं सायकलने मिलमध्ये गेले, रात्रपाळीलासुद्धा, मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात रस्ता शोधत, पावसाळ्यात डबा शर्टाच्या आत धरून. त्यांच्यासाठी रस्त्यावर कोणी रेघ मारली नव्हती. तिसऱ्या बेटावर नेणारा इकुची पूल 1991 मध्ये सुरू झालेला, आणि 1991 मध्येच आजोबांची मिल बंद झाली, त्यांनी सायकल भिंतीला टेकवली ती टेकवलीच. त्या पुलावर मधोमध थांबले, पाणी प्यायले आणि आजोबांशी बोलले थोडं, मोठ्याने, मराठीत. आसपास कोणी नव्हतंच.

एकटं असल्याचा हाच फायदा, कुठेही थांबा, कितीही वेळ थांबा.

इकुचिजिमावर लिंबा-संत्र्यांच्या बागा अगदी रस्त्याला लागून. एका घरासमोर फळीवर संत्र्यांच्या पिशव्या, बाजूला पैसे टाकायचा डबा, माणूस कोणीच नाही. शंभर येनचं नाणं टाकलं, डब्यात खण्ण वाजलं, आणि तिथेच कठड्यावर बसून चार संत्री खाल्ली. जेवण म्हणजे दुकानातून घेतलेला भाताचा त्रिकोणी गोळा, आत खारवलेलं आंबट फळ, चव थेट आईच्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची, फक्त तिखट नाही. त्यावर घरून नेलेली लवंग सेव भुरभुरवली, मस्त लागलं.

पुढे तातारा पूल. त्याच्या मनोऱ्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज घुमत घुमत वर चढत जातो. मी सात-आठ टाळ्या वाजवल्या. शेवटच्या ओशिमा बेटाचे दोन चढ मात्र खरेखुरे घाटाचे होते, दुसऱ्यात उतरून ढकलावी लागली, मांड्या पार गेल्या होत्या, तिथे फार काही सुचतही नव्हतं.

आणि शेवटी कुरुशिमा. एकापुढे एक तीन झुलते पूल, मिळून सुमारे चार किलोमीटर, खाली समुद्राचं पाणी भोवऱ्यांसारखं गरगरत होतं. सूर्य मावळत होता, वारा अंगावर येत होता, आणि मी मुद्दाम हळू चालवत होते कारण संपायला नको होतं. काकू, कंटाळा तर सोड, मला रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

इमाबारीत सायकल जमा करताना सीटवर दोनदा थोपटलं.

आजोबांची ॲटलस अजून जिन्याखाली आहे. मघाशी सगळे गेल्यावर टॉर्च लावून बघून आले, टायर दोन्ही गेलेत, चेन गंजली आहे, पण फ्रेम सरळ आहे.