मीठ वाढलंय

परवा दुपारी जेवणं उरकल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली. डोळ्यांवर झापड होती, त्यामुळं यादीऐवजी गप्पाच टाकल्या म्हणा ना. ‘मीठ वाढलंय. शेंगदाणे पण वाढलेत. तूरडाळ आजच्यापुरती आहे.’ दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘नाही ताई, मिठाचा भाव तोच आहे. शेंगदाणे मात्र दहा रुपयांनी वाढलेत. डाळ आजच्याच भावानं देतो.’

झोप उडाली. दुकानातलं पोरगं विशीचं असेल, लातुरातच जन्मलेलं, चुकलं म्हणावं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी आईला वाचून दाखवलं. ती खिडकीशी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. हसली आणि म्हणाली, “तुझ्या आजीला मोबाईल दिला असता तर दुकानदार वेडा झाला असता.”

आमच्या घरात संपणं हे क्रियापदच नव्हतं. तेल वाढायचं, गूळ वाढायचा, काडेपेटी वाढायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिव्याला कुणी विझव म्हणालं की आजीचा हात कपाळावर. हातातली बांगडी पिचली तर वाढली. ‘फुटली’ हा शब्द एका वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवलेला होता आणि तो दिवस येऊ नये म्हणून बाकीच्या सगळ्या दिवशी बांगड्या वाढायच्या. “संपलं म्हनू नाही माय,” आजी म्हणायची. “वास्तू ऐकत असती. तथास्तु म्हनली म्हंजे?”

आता ताटात भातही वाढायचाच, अंगणात लेकरूही वाढायचंच आणि डब्यातलं पीठही वाढायचं. यातलं कुठलं वाढणं चाललंय हे मला लहानपणी शब्दावरून कधीच कळलं नाही, आजीच्या उठण्यावरून कळायचं. आई चुलीपुढून “पीठ वाढलं” म्हणाली आणि आजी गुडघ्यावर हात देऊन सूप शोधायला उठली, की समजायचं, डब्याचा तळ दिसतोय.

आणि तळ दिसू द्यायचा नाही, हेही होतंच. कणगीत शेवटची मूठभर ज्वारी राहू द्यायची, नवी आली की तिच्यावर ओतायची. पिठाच्या डब्यात चिमूटभर पीठ, मिठाच्या बरणीत चार खडे. रिकामं भांडं पुसून पालथं घालायचं म्हणजे अवदसेला पाट मांडण्यासारखं. माझ्या स्टीलच्या डब्यात आज, या क्षणी, चमचाभर मीठ आहे. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, तळाचं मीठ किती वर्षांपूर्वीचं असेल? मी हिशोब करत नाही. कदाचित त्यात आजीच्या बरणीतलेही दोन कण असतील. नसतीलही. तो डबा मी पुण्याला प्रदर्शनात घेतला होता.

आजीचं गाव अंबाजोगाईपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या होऊन गेली की पोरांना खळ्याचे वेध लागायचे. रब्बीची ज्वारी काढून झाली, उफणून झाली, की खळ्यावर पिवळसर पांढरी रास पडायची. तिला हळदकुंकू, नारळ (वाढवलेला!), आणि मग मापणी. मी सहा-सात वर्षांची असेन. आबा पायली भरून पोत्यात ओतत होते, मी पोत्याचं तोंड धरून बसले होते. मापणारा बोलत नाही, मोजणारा बोलतो. त्या दिवशी मोजायला नेहमीचे चुलते नव्हते आणि मला नुकतेच शंभरापर्यंत आकडे आलेले. आबांनी पहिली पायली ओतली आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले, “एक!”

आबांचा हात थांबला. खळ्यावरची माणसं थांबली. आजी बांधाच्या बाजूनं जवळजवळ पळत आली, मला वाटलं आता पाठीत धपाटा. पण तिनं पोतं माझ्या हातातून घेतलं, ओतलेली पायली परत राशीवर उलटी केली आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. “म्हन,” म्हणाली, “लाभ.” आबांनी पुन्हा पायली भरली. “लाभ,” मी म्हणाले. मग दोन, मग तीन. पुढचे आकडे शाळेतले चालत होते, पहिला तेवढा चालत नव्हता. एकापाशी गणती सुरू झाली तर ती कुठंतरी थांबणार, लाभापाशी सुरू झाली तर थांबण्याचं कारण नाही, असं काहीतरी असावं. मी विचारलं नाही. त्या वर्षी शाळेत बाईंनी उजळणी म्हणायला सांगितली तेव्हा मी ‘लाभ’पासून सुरुवात केली आणि वर्ग हसला, एवढं आठवतं.

आबांना या सगळ्याची गंमत वाटायची. ते मोमिनाबादच्या शाळेत शिकलेले. मोमिनाबाद म्हणजे निजामाच्या राज्यातलं अंबाजोगाई. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, त्यामुळं 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं तरी आबांच्या जिभेवरून उर्दू हटली नाही. जमीन मोजताना मराठी, भांडताना उर्दू. ते आजीला म्हणायचे, “तुला वाटतं ही तुझ्या माहेरची रीत आहे. अगं, उर्दूवाले पण दुकान बंद करत नाहीत, बढाते हैं. चिराग बढाते हैं. जेवण झालं की दस्तरखान बढाते हैं.” आजी म्हणायची, “मंग आमचंच ऐकून शिकले असतील.” यावर आबांकडं उत्तर नसायचं. बाजारातल्या मनियार भाभीला आजीनं एकदा मुद्दाम विचारून घेतलं होतं. भाभी बांगड्या चढवता चढवता म्हणाली, हो, आमच्यात पण बांगडी बढतीच. दोघींना फार आनंद झाला. त्या आनंदात आजीनं माझ्या हातात दोन बांगड्या जास्तीच्या भरल्या. संध्याकाळपर्यंत हातातल्या तीन वाढल्या.

एकाच गोष्टीपुढं आजीचा शब्दकोश अडायचा. पाणी. ‘पाणी वाढलं’ म्हणावं तर नदीला पूर आला असं वाटणार, आणि आमच्याकडं पूर येण्याइतकं भाग्य कुठलं. मग रांजण कोरडा पडला की आजी नुसतं म्हणायची, “पानी भरायचं झालंय.” 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या गच्चीवरच्या टाकीत खडखडाट होता. घरातली सगळी माणसं नळाकडं बघत बसलेली आणि मी शेजारणीला फोनवर सांगत होते, “पाणी भरायचं झालंय हो.” ती म्हणाली, “कुठून भरणार?” खरंच की.

लेक पुण्यात शिकायला आहे. रोज रात्री बोलते. मागच्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाली, “आई, माझा फोन वाढतोय, उद्या बोलते.” मी म्हटलं बरं. ठेवल्यावर लक्षात आलं की बॅटरीबद्दल बोलत होती. तिनं आजीला पाहिलेलंच नाही. तिची नेटच्या डेट्याबद्दलची अशीच काही वाक्यं होस्टेलवर गाजलीत म्हणे. ‘डेटा वाढला’ म्हणाली तेव्हा मैत्रिणीनं कुठला प्लॅन घेतलास म्हणून विचारलं. लेक हे सगळं चेष्टेनं करते असं ती सांगते. माझंही पंचविशीपर्यंत असंच म्हणणं होतं.

तर परवाची दुपार. दुकानदाराला नीट मराठीत, म्हणजे त्याच्या मराठीत, ‘एक किलो मीठ, अर्धा किलो शेंगदाणे, एक किलो डाळ’ असं पाठवलं आणि आईशेजारी शेंगा मोडायला बसले. म्हटलं, “आजीच्या तोंडून ‘संपलं’ मी एकदाही ऐकलं नाही.”

“मी ऐकलंय,” आई म्हणाली. “एकदा.”

मी बघतच राहिले. पन्नास वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“बहात्तर साल. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. पाऊस नाही, पेरणी नाही. कणगी दिवाळीपर्यंत पुरवली आत्याबाईंनी. मग एक दिवस स्वतः आत उतरल्या आणि केरसुणीनं झाडून काढली. ती तळाची मूठपण. मातीसकट निघाली, मीच चाळली. बाहेर येऊन पदर झटकला आणि म्हणाल्या, संपली.”

“वाढली नाही म्हणाल्या?”

“नाही. संपली म्हणाल्या.”

“मग?”

“मग काय. सडकेचं काम निघालं होतं, खडी फोडायला गेलो.”

“आजीपण?”

“त्या पुढं, मी मागं.” आईनं शेंगेचा दोरा काढून ताटलीच्या कडेला लावला. “हप्ता मिळाला की रेशनवरची मिलो आणायचो. तांबडी. अमेरिकेतून यायची म्हणत. भाकरी थापावी तर कडेनं चिरायची, घशाखाली उतरायची नाही. तुझे बाबा रडायचे, एवढा मोठा माणूस. पहिल्यांदा आणली त्या दिवशी आत्याबाईंनी हातपाय धुतले, पायली घेतली आणि कणगीत ओतताना म्हणाल्या, लाभ.”

“मिलोला?”

“हो मग,” आई म्हणाली, “ती पण ज्वारीच की.”