‘दररोज’ हा शब्द

पहाटे गजर बंद केल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत, अजून कोणाशीही बोलणे झालेले नसताना, माझ्या मनात दोन वाक्यांची शर्यत लागते. एक असते, “प्रभू, आजचा दिवस तुझा.” दुसरे असते आदल्या दिवशीच्या अर्धवट वादातले, कोणाला तरी द्यायचे राहून गेलेले उत्तर, जे रात्रभरात आपोआप धार लावून तयार झालेले असते. प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक सकाळी दुसरेच पुढे असते.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायाचे 23 वे वचन वाचताना मी कित्येक वर्षे ‘वधस्तंभ’ या शब्दापाशीच थबकत आलो आणि त्याच्या शेजारचा लहानसा ‘दररोज’ नजरेतून निसटत राहिला. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे येशूचे म्हणणे मत्तय आणि मार्क यांनीही नोंदवले आहे, पण तेथे ‘दररोज’ नाही. तो एकट्या लूककडे आहे. रोमी राजवटीत ज्याच्या खांद्यावर वधस्तंभ चढे, तो माणूस सहसा दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उचलायला उरत नसे. म्हणजे या एका शब्दाने प्रसंगच बदलतो. एकदाच मरण्याचे धैर्य बाजूला राहते आणि उद्या सकाळी उठून पुन्हा तेच करण्याची, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी तयारी मागितली जाते. मला स्वतःला पहिले सोपे वाटते, कदाचित त्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही म्हणूनच.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पुरवलेले अन्न, या बाबतीत फार बोलका आहे. अरण्यात इस्राएल लोकांनी तो रोज सकाळी त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता. ज्यांनी मोशेचे न ऐकता सकाळपर्यंत साठवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. (शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीसाठी, सहाव्या दिवशी दुप्पट घेतलेला तेवढा टिकला, ही सवलत मी उगाच स्वतःला लागू करून पाहत असतो.) रविवारच्या उपासनेत मन भरून आले की तो ओलावा गुरुवारपर्यंत पुरेल, असा माझा हिशेब असतो. तो बहुधा सोमवारी दुपारीच चुकतो.

मग कालचे समर्पण खोटे होते का? हा प्रश्न मला बराच काळ छळत असे. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो रोज होत नाही. पण जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वासाचे धडे देणाऱ्या छोट्या पुस्तकात, लिहिले की, आपल्यातला जुना आदाम, म्हणजे पापी स्वभाव, दररोजच्या पश्चात्तापाने बुडवला जावा आणि नवा मनुष्य दररोज वर यावा, हाच त्या पाण्याचा अर्थ आहे. जुना आदाम पोहण्यात तरबेज असतो, हे मात्र मी अनुभवाने सांगू शकतो.

‘नूतनीकरण’ या शब्दाशी माझे जमत नाही, कारण तो ऐकला की मुदत संपलेला परवाना आठवतो. परवान्याची मुदत संपली की दोन्ही बाजूंनी व्यवहार थांबतो. येथे तसे घडत नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेमच्या विध्वंसाचा आक्रोश चालू असतानाच, परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते असे म्हटले आहे. ज्या मोडक्या भिंतींमध्ये ते म्हटले गेले, तेथे माणसाच्या बाजूने नवे असे काही शिल्लकच नव्हते. माझे डोळे उघडण्याआधी त्याच्या बाजूचे नवेपण झालेले असते, मला केवळ ‘होय’ म्हणायचे उरते; आणि तेवढे म्हणतानाही कधीकधी जांभई येते.

आज सकाळी ते धारदार उत्तर नेहमीप्रमाणे आधी आले. त्याच्यामागून मी “आजचा दिवस तुझा” म्हटले आणि ‘आजचा’ हा शब्द मुद्दाम सावकाश उच्चारला. उत्तर अजून मनात आहे, आणि ज्याला ते द्यायचे त्याची गाठ दुपारी पडायची आहे.