आमची वाटचाल: गोल टोकांची जाड अक्षरं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यातून सुरुवातीला ब्रशने रंगवलेल्या पाट्या बाहेर पडायच्या. मग व्हिनाइल आणि फ्लेक्स आलं. आता बहुतेक काम राऊटरवर (फिरत्या पात्याने पत्रा कापणाऱ्या यंत्रावर) कापलेल्या उठावाच्या अक्षरांचं आहे. यंत्र बदललं तसा फॉन्टही बदलत गेला. सध्या नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत केकची, खेळण्यांची दुकानं आणि बालरोगतज्ज्ञ गोल टोकांची जाड अक्षरं मागतात. त्यांना ती प्रेमळ दिसतात. आम्हाला ती कापायला बरी पडतात.

राऊटरचा बिट, म्हणजे कापणारं पातं, गोल फिरतो. ३ मिमीच्या बिटने आतला कोपरा १.५ मिमी त्रिज्येपेक्षा टोकदार निघतच नाही. तो कानशीने टोकदार केला, तर अ‍ॅक्रिलिकला नेमका तिथूनच तडा जातो. मात्र टोकं गोल आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. शिरोरेषेला काना मिळतो तो काटकोन गोल फॉन्टातही बऱ्याचदा तसाच असतो. तिथे आम्ही फाइलमध्येच २ मिमीची गोलाई देतो.

देवनागरीची खरी अडचण जाडीची. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू २’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात ४०० ते ८०० अशी पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, मिळतात. गिऱ्हाईक हमखास ८०० वर बोट ठेवतं. लांबून बघितल्यावर भ, ध, क्ष यांच्या पोकळ्या बुजतात आणि जोडाक्षराचा गोळा होतो. बिनदिव्याच्या पाटीला ७०० पुरे. आत एलईडी असेल तर ६००, कारण उजेड कडेबाहेर पसरून अक्षर आणखी जाड दिसतं. पण काना २५ मिमीपेक्षा अरुंद झाला की आत एलईडीचं मॉड्यूल नीट बसत नाही. मग वजन वाढवण्यापेक्षा अक्षर मोठं करावं.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इथे फॉन्टच्या पॉइंट मापावर विसंबू नये. एकाच पॉइंटला देवनागरी बऱ्याच फॉन्टांत रोमन कॅपिटलपेक्षा बुटकी निघते. शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंत मिमीमध्येच मोजावं. अशा २०० मिमी अक्षराला मात्रा आणि उकार धरून साधारण ३५० मिमी उंची लागते, वर कडेची जागा वेगळी. ही उंची आधी सांगितली नाही, तर मागचा एसीपीचा (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचा) पत्रा कापून झाल्यावर वेलांटी बाहेर जाते.

कापण्याआधी मजकूर फाइलमध्ये कर्व्हमध्ये (बाह्यरेषांत) बदलून सगळे आकार वेल्ड करायचे, म्हणजे जोडून एक करायचे. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. वेल्ड करायचं राहिलं तर बिट शब्दाच्या मधोमध आडवा जातो. ८ फुटी शीटपेक्षा शब्द लांब असेल, तर सांधा कान्याच्या उजव्या कडेला घ्यावा, दोन अक्षरांमधल्या उघड्या शिरोरेषेत नको. तिथे तो उन्हात लगेच डोळ्यांत येतो. अनुस्वाराचं टिंब एका स्टडवर (मागच्या दांड्यावर) भागवू नये. गोल असल्याने फिरलेलं कळत नाही आणि एक दिवस खाली पडतं.

ठाण्याच्या पावसाचा हिशेब वेगळाच. शिरोरेषेवर वर्षभर धूळ बसते आणि पहिल्या सरीला काळे ओघळ उतरतात, म्हणून तिची वरची कड पुढे किंचित उतरती ठेवतो. पोकळ अक्षरात शिरलेलं पाणी शिरोरेषेतून प्रत्येक कान्यात जातं. त्यामुळे शब्दाला एक छिद्र पुरत नाही: प्रत्येक कान्याच्या आणि उकाराच्या सर्वांत खालच्या बिंदूला ५ मिमीचं एक.