बोट पेशल केली तरी

खान्देशात गाडी 'पेशल' करणं हा मानाचा व्यवहार आहे. मनुदेवीला जायचं असो, सप्तशृंगीला किंवा कुणाच्या लग्नाला. सीट मोजून बसायचं नाही, पूर्ण क्रुझर ठरवायची. भाव एकदा ठरला की दिवस आपला. वाटेत पोह्यांना थांबा, मावशीच्या गावावरून वळसा घ्या, ड्रायव्हर काही बोलत नाही. फार तर आरशातून बघतो.

मालवणकडे गेल्यावरही हाच कायदा चालेल, असं आमच्या जिभाऊंनी धरलं होतं. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याला सीटवारी बोटी जातात, पण देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे फिरायला अख्खी बोट ठरवता येते. जिभाऊंनी घासाघीस करून भाव पाडला आणि ऐटीत सांगितलं, नाश्ता करून दहाला येतो. नाववाला म्हणाला, "सकाळी सातला येवा. मगे जमाचा नाय." जिभाऊ चाटच पडले. "पैसा आमना, नि टाइम तुना कसा रे भो?"

टाइम नाववाल्याचाही नव्हता. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज सगळं वेळापत्रक पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतं. ह्यासाठी कोकणातल्या जुन्या माणसांना मोबाइल लागत नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ठिकाणानुसार थोडं मागेपुढे होतं. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाणाची भरती, पाणी भरपूर चढतं आणि तसंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे फार खालीवर नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. म्हणजे सातला पाणी चढतं, दहाला उतरायला लागलेलं. आमच्याकडे एकादशी म्हणजे भगर आणि साबुदाणा. तिच्यावरून बोट सुटते हे आक्कालाही नवीन होतं, आणि आक्काची एकही एकादशी चुकलेली नाही.

जिभाऊंना गणित पटलं, पण आपलं पाणी आपल्या वेळेला नाही ह्याचा राग गेला नव्हता. शेवटी नाववाल्याने विचारलं, तुमच्या शेतात मोटर केव्हा चालते? झालं. जिभाऊंचा चेहराच बदलला. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की हा माणूस थंडीत दोन वाजता कानाला मफलर बांधून केळीला पाणी द्यायला जातो आणि कुरकुर करत नाही. "म्हंजे थ्री फेजनं टाइमटेबल," असं म्हणून ते सकाळी साडेसहालाच खाडीवर हजर. वर आम्हालाच उशिराबद्दल बोलणी.

लाईफ जॅकेटवरून वाद झाला नाही. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, ती बातमी सगळ्यांनी पाहिलेली. आक्काने नऊवारीवर केशरी जॅकेट चढवलं, पट्टे स्वतः ओढून बघितले आणि शेजारच्या पोराचेही आवळले.

खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. तिथे नाववाल्याने गप्पा बंद केल्या. इंजिन मंद केलं, मग दांडा दाबून पंखा पाण्याबाहेर उचलला आणि बांबू घेऊन उभा राहिला. बांबू टोचायचा, वर आलेला ओला भाग बघायचा, पुन्हा टोचायचा. बोटीचा तळ वाळूवर घासल्याचा खरखर आवाज आला तसा त्याने बांबूवर सगळं अंग टाकलं, बोट निघाली. भरती असताना ही गत. दहानंतर काय झालं असतं ते जिभाऊ मला हळूच सांगत होते, जणू खाडी त्यांच्याच मालकीची. पुढे डॉल्फिनच्या पाठी दिसल्या. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. आमच्या दशम्या आणि लसणाची चटणी नाववाल्याला आवडली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खान्देशात बोट नाहीच असंही नाही. जळगावला मेहरूण तलाव आहे. तिकडे नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावात सरदार सरोवराचं पाणी पसरल्यावर नर्मदाकाठच्या पाड्यांना बोट हाच रस्ता झाला. तिथे दवाखानासुद्धा तरंगता असतो. त्या लोकांना 'बोटीत फिरायला पैसे मोजले' असं सांगितलं तर ते आपल्याकडे काय नजरेने बघतील, हे मला कळतं.

दुपारी सिंधुदुर्गावर गेलो. 1664 साली शिवाजी महाराजांनी काम सुरू केलेला हा किल्ला चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. बोअरला शेकडो फूट खाली जाऊनही धूळच बघितलेले आम्ही त्या विहिरींपाशी किल्ल्याच्या तटापेक्षा जास्त वेळ थांबलो. सीटवारी बोट असल्यामुळे परतायची वेळ ठरलेली. हाका आल्या तेव्हा जिभाऊ अजून पाण्यात वाकून बघत होते.

आता घरात दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचं चाललंय. भाऊबीजेला द्वितीया, म्हणजे भरती दीडला. सकाळी सातला खाडीत वाळू. जिभाऊंनी पंचांग पुढे सरकवत सरकवत सोयीची तिथी काढली ती नेमकी कार्तिकी एकादशी. आक्का म्हणते, दुसऱ्या दिवशी द्वादशीला दारात तुळशीचं लग्न सोडून मी देवबागला बसणार नाही. त्यात कापूस वेचणीला आलेला. क्रुझरवाल्याला अजून तारीख सांगितलेली नाही.